कान उघडे, पाय कोरडे : आर्क्टिकच्या गावात संवर्धनाच्या नोकरीवर रुजू होताना

या वेळचा बराचसा रकाना एकाच पत्राने व्यापला आहे. पत्रलेखिका मूळच्या चंद्रपूरच्या. ताडोब्याच्या बफर क्षेत्रात कॅमेरा ट्रॅपचं काम केलेल्या, पुढे ओटावात शिकलेल्या. आता कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, बॅफिन बेटाच्या उत्तर टोकाकडच्या पाँड इनलेट गावी त्या एका संवर्धन प्रकल्पावर रुजू होत आहेत. नारव्हाल (लांब सुळ्याचे आर्क्टिक व्हेल) आणि सील यांच्या नोंदी पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनी ठेवण्याचं काम आहे. त्यांचे प्रश्न आम्ही सुटे केले आहेत. मध्ये इतर वाचकांचे तीन प्रश्नही घेतले आहेत.

पाँड इनलेटचं तिथल्या मूळ रहिवाशांचं, म्हणजे इनुइट लोकांचं, नाव मित्तिमातालिक. वस्ती दीड हजाराच्या आसपास, अक्षांश साधारण ७२.७ उत्तर. नुनावुतमध्ये अशी २५ गावं आहेत आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता एकही नाही.

प्रश्न : नेमणूकपत्र हातात आहे. सही करण्याआधी काय विचारून घेऊ?

आधी घर, मग पगार. नुनावुतमध्ये घरांची टंचाई जुनी आणि तीव्र आहे. तिथे पोचल्यावर भाड्याची खोली शोधू, असं होत नाही. नोकरीबरोबर घर मिळणार का, एकटीला की कुणाबरोबर, भाडं किती कापणार, अंथरूण-भांडी घरात आहेत का आणि करार संपल्यावर किती दिवसांत घर सोडायचं, हे सगळं पत्रात लिहून घ्या. तोंडी शब्दावर विमानात बसू नका. सामानाचा किती किलोपर्यंतचा खर्च मिळणार आणि वर्षातून दक्षिणेकडे येण्या-जाण्याची किती तिकिटं मिळणार, हेही त्याच पत्रात असू द्या.

आणखी एक गोष्ट विचारा, ती बहुतेक जण विचारत नाहीत : या जागेवर पुढे स्थानिक माणूस यावा म्हणून काय चाललं आहे? इनुइट आणि कॅनडा सरकार यांच्यातल्या १९९३च्या नुनावुत कराराच्या २३व्या कलमात सरकारी नोकऱ्यांत इनुइट लोकांचं प्रमाण वाढवण्याचं बंधन आहे. तुमची नोकरी सरकारी नसली तरी गाव तुमच्याकडे त्याच नजरेने बघणार. पहिल्या महिन्यापासून एखादा स्थानिक तरुण किंवा तरुणी सोबत काम शिकते आहे, त्यांना त्याचा रीतसर पगार मिळतो आहे, अशी तरतूद प्रकल्पात नसेल तर ती मागून घ्या.

घरात गेल्यावर आधी दोन टाक्या कुठे आहेत ते बघा, एक पिण्याच्या पाण्याची आणि दुसरी सांडपाण्याची. जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे घरं खांबांवर किंवा भरावावर उभी असतात आणि पाणी टँकरने येतं. सांडपाणी दुसरा टँकर उपसून नेतो. सांडपाण्याची टाकी भरली की पाण्याचा पंप आपोआप बंद पडतो. त्यामुळे नळ कोरडा पडला म्हणजे पाणीच संपलं असं नाही. आधी दुसरी टाकी बघायची. टँकरची नळी जिथे जोडतात त्या तोंडापर्यंतचा बर्फ आपण साफ ठेवायचा, नाहीतर गाडी न थांबता पुढे जाते. हिमवादळात दोन-दोन दिवस गाडी येतच नाही, तेव्हा वादळाचा अंदाज ऐकला की कपडे धुवायला काढू नका.

विमान नुनावुतची राजधानी इकालुइतमार्गे जातं आणि हवा बिघडली की तिथेच अडकायला होतं. दोन-तीन दिवसांच्या हॉटेलचे पैसे वेगळे ठेवा. औषधं, चष्म्याचा जोड, गरम कपड्यांचा एक पूर्ण संच आणि कागदपत्रं हातातल्या बॅगेत असू द्या; मोठी बॅग मागच्या विमानाने येण्याची शक्यता खरी आहे. गावातलं आरोग्य केंद्र परिचारिका चालवतात. त्या फार अनुभवी असतात, पण गंभीर रुग्णाला विमानाने इकालुइतला किंवा ओटावाला हलवावं लागतं. दातांचं जे काही काम राहिलं असेल ते निघण्याआधीच उरका.

प्रश्न : माझं सगळं शिक्षण ‘प्राणी वाचवा’ या वळणाचं. तिथे घरोघरी शिकारी. मी त्यांच्याशी काय तोंडाने बोलू?

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. याचं उत्तर नीट कळलं तर बाकीच्या चुका गाव पोटात घालतं.

इतिहासापासून सुरुवात करा. १९७० आणि ८०च्या दशकांत सीलच्या कातड्याविरुद्ध जगभर मोहीम झाली. तिचा रोख न्यूफाउंडलंडकडच्या व्यापारी शिकारीवर, पांढऱ्या पिल्लांच्या कत्तलीवर होता. १९८३ साली युरोपने त्या कातड्यांवर बंदी घातली आणि सगळ्याच सील कातड्यांचा बाजार कोसळला. इनुइट लोक प्रामुख्याने मोठे रिंग्ड सील मांसासाठी मारत आणि उरलेलं कातडं विकून बंदुकीच्या गोळ्या, पेट्रोल आणि स्नोमोबाइलचे सुटे भाग घेत. त्यांची रोख कमाई एका फटक्यात गेली. २००९च्या युरोपीय बंदीत इनुइटांना सूट होती, पण ती कागदावरच राहिली, कारण गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. ग्रीनपीसच्या कॅनडा शाखेने २०१४ साली या नुकसानीबद्दल जाहीर माफी मागितली. तेव्हा तुम्ही ‘मी संवर्धनाचं काम करते’ असं म्हणाल, तेव्हा समोरच्या आजीच्या मनात या सगळ्या गोष्टी येतात. त्यातच १९५३ आणि १९५५ साली सरकारने क्विबेकमधल्या इनुकजुआकहून आणि खुद्द पाँड इनलेटहूनही काही कुटुंबं आणखी उत्तरेला, रेझोल्यूट आणि ग्रीझ फिओर्डला नेऊन सोडली होती. त्याची सरकारी माफी यायला २०१० उजाडलं. बाहेरून आलेल्या, आमच्या भल्याचं सांगणाऱ्या माणसाकडे गाव सावधपणे का बघतं, ते यावरून समजून घ्या.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. नुनावुतमध्ये वन्यजीवांचे निर्णय नुनावुत वन्यजीव व्यवस्थापन मंडळामार्फत होतात. त्यात इनुइट संघटनांनी नेमलेले आणि सरकारने नेमलेले सदस्य बरोबरीने बसतात. प्रत्येक गावात शिकाऱ्यांची निवडून आलेली संघटना असते. ध्रुवीय अस्वलासारख्या, कोटा ठरलेल्या प्राण्यांचे परवाने गावात कसे वाटायचे ते ही संघटना ठरवते. ध्रुवीय अस्वलांबद्दलच्या १९७३च्या पाच देशांच्या कराराने स्थानिक लोकांचा पारंपरिक शिकारीचा हक्क मान्य केला आहे. थोडक्यात, तुम्ही ज्यांना ‘समजवायला’ निघाल असं वाटतं, तेच तिथले व्यवस्थापक आहेत. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तुम्हाला विदर्भातून माहीत असेलच. ती मनात ठेवून गेलात तर ताडोब्यातल्या, माणसांना बाहेर ठेवणाऱ्या गाभा क्षेत्राची सवय सुटायला सोपं जाईल.

शिकाऱ्यांची माहिती ही ‘लोकज्ञान’ म्हणून अहवालाच्या परिशिष्टात टाकायची गोष्ट नाही. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरचं उदाहरण लक्षात ठेवा. १९७७ साली आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगाने बोहेड व्हेलच्या पारंपरिक शिकारीवर बंदी आणली, कारण शास्त्रज्ञांच्या मोजणीत व्हेल फार थोडे भरले होते. मोजणी बर्फाच्या कडेवर बसून, मोकळ्या पाण्यातून जाणारे व्हेल बघून होत असे. तिथले मूळ रहिवासी इनुपिआट शिकारी सांगत होते की व्हेल बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात आणि कडेपासून दूरवरूनही जातात. पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडून आणि विमानातून मोजणी केल्यावर शिकारीच बरोबर निघाले. तुम्ही ध्वनिग्राहकांवरच काम करणार आहात, तेव्हा हा धडा तुमच्या थेट उपयोगाचा आहे : यंत्र कुठे टाकायचं हे आधी शिकाऱ्यांना विचारा.

आता पहिल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष करायचं काय ते सांगतो. पहिल्याच आठवड्यात शिकारी संघटनेच्या कार्यालयात स्वतः जा. ईमेल पुरत नाही. काम काय, पैसे कुणाचे, माहिती कुणाच्या मालकीची राहणार, एवढंच एका पानावर इंग्रजी आणि इनुक्टिटुट या इनुइटांच्या भाषेत लिहून न्या. बैठक मागा, पण मे-जूनमध्ये नको, तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर बर्फावर तंबू टाकून असतात. ठरलेली बैठक हवा चांगली पडली म्हणून किंवा गावात मयत झाली म्हणून रद्द होईल, ते गृहीत धरा. दुभाषा आणि ज्येष्ठ यांचं मानधन अंदाजपत्रकात आधीच घाला आणि त्याच दिवशी हातात द्या. दक्षिणेतल्या लेखाविभागाला सहा आठवडे लागतात ही सबब तिथे चालत नाही, आणि चालू नयेच.

बैठकीत प्रश्न विचारलात की थांबा. शांतता पडली म्हणजे समोरच्याला कळलं नाही असं नव्हे, तो विचार करतोय. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारलात तर तो अपमान वाटतो. प्राण्यांबद्दल थट्टा किंवा बढाई करू नका, कारण प्राणी अनादर ओळखतात ही तिथली खोलवरची धारणा आहे. अस्वलांना गुंगीचं औषध देऊन पकडायला आणि गळ्यात पट्टे बांधायला अनेक गावांचा याच कारणाने, आणि औषधाचा अंश राहिलेलं मांस खाण्यात येतं याही कारणाने, विरोध आहे. म्हणून अलीकडच्या बऱ्याच मोजण्या लहान बाणाने कातडीचा तुकडा घेऊन, त्याच्या जनुकीय ओळखीवर होतात.

गावाच्या दक्षिणेला मेरी नदीवर लोहखनिजाची खाण आहे आणि तिची जहाजं नारव्हालच्या उन्हाळी पाण्यातून जातात. या प्रश्नावर २०२१ साली शिकाऱ्यांनी खाणीची धावपट्टी आणि रस्ता अडवला होता, २०२२ साली केंद्र सरकारने विस्ताराला नकार दिला. गावात खाणीवर नोकरी करणारेही आहेत. तुमच्या नोंदी या वादात वापरल्या जातील, तेव्हा त्या अधिकच काटेकोर हव्यात आणि निष्कर्ष वर्तमानपत्रात जाण्याआधी गावात सांगितलेले हवेत. शेजारच्या क्लाइड रिव्हर गावाने भूकंपीय सर्वेक्षणाविरुद्धचा खटला २०१७ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला, तो मुख्यतः याच मुद्द्यावर की सल्लामसलत नीट झाली नव्हती.

प्रश्न (वाचक, पुणे) : पीएचडीसाठी नुनावुतमध्ये दोन महिने क्षेत्रकाम करायचं आहे. परवानग्या किती आधी मागाव्या?

किमान सहा महिने आधी, आणि सुरुवात गावापासून. शिकारी संघटनेचं पाठिंब्याचं पत्र नसेल तर पुढचा प्रत्येक अर्ज अडतो. प्राण्यांचा अभ्यास असेल तर नुनावुत सरकारच्या पर्यावरण विभागाचा वन्यजीव संशोधन परवाना लागतो. पाणी, बर्फ, समाजजीवन अशा विषयांना नुनावुत संशोधन संस्थेचा. काम जमिनीवर किंवा बर्फावर तळ टाकून असेल तर नियोजन आयोग ते जमीन-वापराच्या आराखड्याशी जुळतं का ते बघतो आणि गरज पडली तर प्रभाव-परीक्षण मंडळाकडे धाडतो. सिरमिलिक राष्ट्रीय उद्यानात पाऊल टाकायचं तर उद्यान विभागाचा परवाना निराळा. साध्या भाषेतला सारांश इनुक्टिटुट लिपीत भाषांतरित करून जोडावा लागतो. भाषांतरकार मोजके आहेत, त्यांना तीन-चार आठवडे द्या. अर्ज फेटाळला जाण्याचं नेहमीचं कारण शास्त्र कच्चं असणं हे नसतं, तर गावाला न विचारता तारखा ठरवलेल्या असतात हे असतं.

प्रश्न : अस्वलांची भीती वाटते. बंदूक शिकावी लागेल का?

गावाबाहेर काम असेल तर सोबतच्या स्थानिक वाटाड्याकडे बंदूक असतेच, पण तुम्हालाही हाताळता यायला हवी. कॅनडाचा बंदूक सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करून परवान्याचा अर्ज ओटावातूनच करा. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला कायद्यानेच किमान २८ दिवस थांबावं लागतं, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात.

बंदूक शेवटचा उपाय. आधी अस्वल येऊच नये याची काळजी घ्या. चरबीचा वास लागलेलं कामुटिक, म्हणजे स्नोमोबाइलमागे ओढायची घसरगाडी, तंबूच्या दाराशी ठेवू नका. अन्न आणि कचरा तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि नजरेच्या टप्प्यात ठेवा. झोपण्याच्या तळाभोवती तार ताणून त्याला आवाज करणारी सूचक यंत्रणा लावतात. वादळी वाऱ्यात ती खोटी वाजते म्हणून लोक बंद करून झोपतात, आणि नेमकी तेव्हाच ती हवी असते.

अस्वल दिसलं तर एकत्र या, पळू नका, त्याला निघायला वाट ठेवा. मग मोठा आवाज, स्नोमोबाइलचं इंजिन. मग बारा बोअरच्या बंदुकीतून फटाक्याची काडतुसं. इथे एक चूक जीवघेणी ठरते. फटाका तुमच्या आणि अस्वलाच्या मध्ये फुटला पाहिजे. तो अस्वलाच्या डोक्यावरून जाऊन मागे फुटला तर अस्वल आवाजापासून पळतं, म्हणजे थेट तुमच्याकडे. प्रत्येक फटाक्यानंतर बंदूक उघडून नळीतून उजेड दिसतो का ते बघा, कारण काडतुसातला पुठ्ठा नळीत अडकतो आणि त्यावर दुसरी गोळी झाडली तर नळी फुटते. फटाक्याची, रबराची आणि खरी काडतुसं वेगवेगळ्या खिशांत ठेवा. कोणती कुठल्या खिशात, ते अंधारात, हातमोजे घालून चाचपून सराव करा. मिरचीचा फवारा कोटाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवला तरच चालतो, आणि वारा समोरून असेल तर तो तुमच्याच डोळ्यांत येतो. फवारा आणि फटाके दोन्ही धोकादायक माल म्हणून मोडतात, विमानाच्या बॅगेत टाकू नका. गावात मिळण्याची सोय आधी करून घ्या.

बंदूक उबदार खोलीत आणू नका. बाहेरून आत आली की तिच्यावर पाणी सुटतं, परत बाहेर नेली की ते गोठून घोडा अडकतो. ती थंड पडवीत, कुलूपबंद ठेवायची, आणि तेल पुसून कोरडी, कारण साधं तेल थंडीत मधासारखं घट्ट होतं.

स्वसंरक्षणात अस्वल मेलं तर वन्यजीव अधिकाऱ्याला लगेच कळवावं लागतं आणि ते गावाच्या वर्षाच्या कोट्यातून वजा होतं. म्हणजे तुमच्या तळावरच्या उघड्या डब्यापायी गावातल्या एका कुटुंबाची शिकार जाते. हडसन उपसागराच्या पश्चिम काठावरच्या आर्विआट गावाने अस्वलांना हुसकावणारी गस्त उभारली ती याच नुकसानीसाठी. तिथे ऑक्टोबरअखेरीस मुलांचा हॅलोविनचा फेराही रस्त्यावरून उठवून सभागृहात आणला गेला.

प्रश्न : बर्फावरून जाण्याची तयारी, कपडे आणि यंत्रं यांबद्दल सविस्तर सांगाल का? ताडोब्यातल्या ४७ अंशांचा अनुभव आहे, उलट्या बाजूचा नाही.

समुद्राचा बर्फ खारट असतो, म्हणून वाकतो. गोड्या पाण्याच्या बर्फासारखा तो आधी कडाडून सावध करत नाही. काळपट दिसेल तिथे पातळ, पण ताज्या बर्फाची चादर वर पडली की रंग झाकला जातो आणि त्या उबेने खालचा बर्फ जाड होत नाही. अरुंद सामुद्रधुनीत आणि भूशिराच्या टोकाशी प्रवाहामुळे ऐन हिवाळ्यातही तो पातळ राहतो. शिकारी लोखंडी टोकाच्या दांड्याने, टूकने, घाव घालत जातात. एका जोरदार घावात टोक आरपार गेलं तर मागे फिरायचं. बर्फ आणि मोकळं पाणी यांच्या सीमेला सिनाक म्हणतात. तुमचे नारव्हाल तिथेच दिसणार, पण जमिनीकडून समुद्राकडे वारा सुटला किंवा अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती असली तर ती कडा तुमच्यासकट तुटून वाहून जाते. वाटाड्या ‘आज नको’ म्हणाला तर कारण विचारा, पण वाद घालू नका.

गावात स्मार्टआइस या उपक्रमाचे स्थानिक कर्मचारी घसरगाडीवर संवेदक ओढत बर्फाची जाडी मोजून नकाशा काढतात. तो रोज बघा. सानिकिलुआकच्या आर्क्टिक आयडर सोसायटीचं ‘सिकू’ हे अ‍ॅपही फोनवर घ्या. सिकू म्हणजे समुद्राचा बर्फ. शिकारी त्यात धोक्याच्या जागा आणि प्राण्यांच्या नोंदी टाकतात, आणि नोंद कुणाला दिसावी हे ज्याची त्याने ठरवायचं असतं. ती माहिती परस्पर उचलून अहवालात घालू नका.

एकच स्नोमोबाइल घेऊन कधीही निघू नका. अंदाजाच्या दीडपट पेट्रोल, दोन दिवसांचं जादा अन्न, सुटा पट्टा, स्पार्क प्लग आणि उपग्रह संदेशयंत्र एवढं असलंच पाहिजे. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं हळू चालवा, कारण गोठलेला रबरी पट्टा एकदम जोर दिला तर तुटतो. कामुटिकच्या आडव्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसतात, दोरीने बांधलेल्या असतात, हे नीट बघून घ्या. खडबडीत बर्फावर गाडी सापासारखी लवते आणि म्हणून मोडत नाही. तुमच्या यंत्रांची पेटीही तशीच, दोरीने, थोडी ढील ठेवून बांधा. तंबूत स्टोव्ह लावलात तर वरची झडप उघडी ठेवा. बाहेर वादळ आणि आत ऊब असताना ती बंद करण्याचा मोह होतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कपड्यांत घाम हा मोठा शत्रू. सुती बनियनसुद्धा नको, अंगालगत लोकर घाला. काम सुरू करण्याआधी एक थर उतरवा, थांबल्यावर लगेच चढवा. बोटमोजे नकोत, बोटं एकत्र राहणारे मोठे हातमोजे, गळ्यातून दोरीने अडकवलेले. बुटांचं आतलं नमद्याचं अस्तर रोज रात्री काढून वाळवा. सकाळी ओलसर अस्तरात पाय घातला तर दुपारपर्यंत बोटं सुन्न होतात. वाऱ्यासह जाणवणारं तापमान उणे २८ ते ३९ असेल तर उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० ते ४७ ला ५ ते १० मिनिटांत. गालावर पांढरा ठिपका स्वतःला दिसत नाही, म्हणून एकमेकांचे चेहरे बघत राहण्याची तिथे सवय असते. चोळायचं नाही, उघडा तळहात टेकवून ऊब द्यायची. एप्रिल-मेमध्ये ढगाळ दिवशीही काळा चष्मा लावा, नाहीतर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

कॅमेरा ट्रॅप तुमच्या ओळखीचे, पण इथे झाड नाही. तिपाईला दगडांचा भार द्या आणि वाऱ्याने साचणारा बर्फ ध्यानात घेऊन उंची ठेवा. साधे अल्कलाइन सेल थंडीत कोलमडतात, लिथियमचे घाला. उष्णतेवर चालणारा सेन्सर इथे चुकू शकतो, कारण दाट केसांमुळे प्राण्याची ऊब बाहेर फारशी जाणवत नाही. म्हणून ठरावीक मिनिटांनी आपोआप फोटो घेण्याची सोय चालू ठेवा. कॅमेरा घरात आणण्याआधी बाहेरच हवाबंद पिशवीत घाला आणि दोन-तीन तास उघडू नका. पाणी पिशवीवर सुटेल, भिंगावर नाही. नोंदी शिसपेन्सिलीने करा, शाई गोठते.

प्रश्न (वाचक, सांगली) : मुलगी शाकाहारी आहे. तिकडे वर्षभर खाणार काय?

काकू, डाळ-भात-पोळीची सोय होते, फक्त वर्षाचा विचार एकदम करावा लागतो. दुकानातला माल बाकीच्या वर्षात विमानाने येतो म्हणून महाग असतो. स्वस्त मार्ग जहाजाचा. ते उन्हाळ्यात, बर्फ सुटल्यावर येतं, आणि माँट्रियलच्या बाजूने लाकडी पेटीत भरून पाठवायच्या मालाच्या तारखा त्याच्या बऱ्याच आधी बंद होतात. एका माणसाला वर्षाला साधारण ३५ किलो तांदूळ, २० ते २५ किलो डाळी-कडधान्यं, ४५ किलो कणीक आणि १५ लिटर तेल पुरतं. तांदूळ-डाळ-पीठ थंड कोठीत खुशाल राहतं, उलट त्या थंडीत किडे मरतात. मात्र पिशवी आत आणल्यावर खोलीच्या उबेला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर पीठ ओलावतं. लोणच्याच्या बरण्या आणि डबाबंद पदार्थ गोठून फुटतात, ते घरातच ठेवायचे. कांदे-बटाटेही आतच.

भारतातून बॅगेत तांदूळ, हरभरे, मसूर, जिरे, धणे देऊ नका. खापरा किडीच्या भीतीने कॅनडाने असा घरगुती माल आणण्यावर बंदी घातली आहे. ओटावातल्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं. ड जीवनसत्त्व आणि बी-१२ डॉक्टरांना विचारून सुरू करा.

गावात कुणी मांस देऊ केलं तर मुलीने काय करावं, हेही तुम्ही विचारलं आहे. ‘मी मांस खात नाही, लहानपणापासून असंच आहे’ असं साधेपणाने सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. नाक मुरडलेलं मात्र लोक विसरत नाहीत. बोरं वेचायला बोलावलं तर जरूर जावं.

प्रश्न : अंधाराचं काय?

पाँड इनलेटला साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सूर्य उगवत नाही, पण दुपारी निळसर संधिप्रकाश असतो. त्या वेळी रोज बाहेर पडा. झोपण्या-उठण्याची वेळ मोडू देऊ नका. अनेक नव्या लोकांना मे महिना अंधारापेक्षा जड जातो, कारण सूर्य मावळतच नाही. खिडकीला जाड काळं कापड न्या.

प्रश्न (वाचक, मडगाव) : भारताचं हिमाद्री केंद्रही आर्क्टिकमध्येच ना? तिथून अशी कामं करता येतात का?

हिमाद्री नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये न्यू-ओलेसुंडला आहे, २००८ पासून. तिथल्या मोहिमा तुमच्याच गोव्यातल्या, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व सागर संशोधन केंद्रातून ठरतात. तिथे हिमनद्या, वातावरण, फिओर्डमधलं (डोंगरांतून आत शिरलेल्या खाडीतलं) जीवन यांवर काम होतं. पण न्यू-ओलेसुंड ही संशोधकांची वसाहत आहे, स्वालबार्डला मूळ रहिवासी समाज नाही. पाँड इनलेटसारख्या गावात काम करण्याची ती तालीम होत नाही. थंडी आणि अस्वलं यांची मात्र होते.

प्रश्न : भाषा किती शिकू?

जमेल तितकी, पहिल्या दिवसापासून. गावात इनुक्टिटुट जिवंत आहे, मुलं खेळताना बोलतात. ‘उल्लाक्कुत’ म्हणजे सुप्रभात, ‘कुयान्नामीक’ म्हणजे आभार, ‘नानुक’ म्हणजे ध्रुवीय अस्वल. एकाला इनुक, अनेकांना इनुइट; ‘एस्किमो’ हा शब्द वापरू नका. लिपी चिन्हांची आहे. आपल्या बाराखडीत स्वर बदलला की मात्रा बदलते, तिथे तेच चिन्ह वेगळ्या दिशेला वळतं. आठवडाभरात पाट्या वाचता येतात.

होकार-नकार बहुतेक वेळा चेहऱ्यावर असतो : भुवया उंचावल्या की हो, नाक आक्रसलं की नाही. मुलाखत घेताना तुम्ही वहीत मान घालून बसलात तर समोरच्याने उत्तर दिलेलं असेल आणि तुम्ही वाट बघत राहाल. ध्वनिमुद्रणातही ते उतरत नाही, म्हणून प्रत्येक भुवईची नोंद तिथल्या तिथे पेन्सिलीने करा.